चर्चच्या वेदीवरच्या जुन्या लाकडी कँडलस्टँडचा दिवा करताना

सात-आठ महिने चाललेलं काम परवा एकदाचं संपलं म्हणून सगळं लिहून ठेवतेय. मी सुरुवात केली तेव्हा मराठीत याबद्दल काहीच सापडलं नाही आणि माहिती नसल्यामुळे माझ्या हातून एक नुकसान झालं, ते आता भरून येणार नाही. निदान दुसऱ्या कुणाकडून तसं होऊ नये.

माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई गेल्या, त्यांचं घर रिकामं करायला मी मदतीला गेले होते. कोपऱ्यात एक मोठा टेबललॅम्प होता, चुण्यांची भली मोठी पिवळट शेड आणि खाली सोनेरी रंगाचा कोरीव लाकडी खांब. मैत्रीण म्हणाली अगं तुला लाकडाचं वेड आहे ना, तूच घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल. घरी आणून शेड काढली आणि मग तो खरा दिसला. अडीच फुटांहून थोडा उंच, खाली तीन बाजूंची बैठक, तिला सिंहाच्या पंजासारखे तीन पाय, वर अकँथस नावाच्या झाडाची गुंडाळलेली पानं आणि मधे एक लहान देवदूताचं डोकं, गाल फुगलेले. फिरवून मागे बघितलं तर मागे काहीच नाही! म्हणजे नक्षी नाही, सोनं नाही, नुसतं उघडं लाकूड आणि त्यावर पटाशीचे आडवेतिडवे घाव. मला आधी वाटलं अर्धवट राहिलेलं काम असेल. नंतर कळलं की चर्चच्या वेदीवर ठेवायच्या कँडलस्टँडमध्ये हे अगदी नेहमीचं, कारण तो कायम भिंतीकडे पाठ करून उभा असतो, लोक समोरूनच बघणार, मग मागच्या बाजूला सोनं कशाला लावा. त्या पटाशीच्या खुणांवरून मी कितीतरी वेळ बोट फिरवत बसले होते. पुढची बाजू देवासाठी आणि लोकांसाठी केलेली, ही मागची मात्र फक्त त्या कारागिराची.

मुख्य वेदीवर असे स्टँड एकटे नसतात. मोठ्या गायनासहितच्या मिस्साला, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेला, सहा मेणबत्त्या लागायच्या, तीन इकडे तीन तिकडे, आणि बिशप स्वतः मिस्सा करणार असतील तर मधे सातवी. म्हणजे माझ्याकडे आलेला हा बहुतेक सहातला एक. बाकीचे पाच कुठे असतील हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

तर या स्टँडला पूर्वी वरती लोखंडी सुळा असणार, ज्यावर जाड मेणबत्ती टोचून उभी करायचे, आणि त्याखाली मेण झेलायला पत्र्याची थाळी. कुणीतरी कधीतरी त्याचा लॅम्प करायचा म्हणून सुळा उपटून काढला, वरून खालपर्यंत ड्रिलनं आरपार भोक पाडलं, ते भोकही सरळ गेलं नाही, बैठकीत तिरकं होऊन एका पानाचा तुकडा उडवून बाहेर आलं. आपल्या घरातल्या पिढीजात समईला कुणी असं मधोमध भोक पाडून होल्डर बसवला तर कसं वाटेल, मला अगदी तसंच वाटलं. थाळी मात्र उलटी करून शेडच्या खाली टेकू म्हणून लावली होती त्यामुळे ती वाचली.

आतली वायर बघून तर अंगावर काटा आला. वरून कापडी वेष्टण आणि आत रबर, रबराचा हात लावला की भुगा होत होता, एका ठिकाणी तांब्याची तार उघडी पडून सरळ लाकडाला टेकलेली. होल्डरच्या खालचं लाकूड काळं पडलेलं, म्हणजे करपलेलं. जुना 60 वॉटचा पिवळा बल्ब नव्वद टक्क्यांहून जास्त वीज नुसती उष्णतेत घालवतो आणि ती सगळी उष्णता शेडखाली कोंडून या वाळलेल्या लाकडावर वर्षानुवर्षं बसत होती. असा जुना कन्व्हर्ट केलेला लॅम्प कुणाच्या घरी असेल तर आधी त्याचा प्लग काढा. बाकीचं सावकाश बघता येईल.

आता माझी चूक. सोनेरी भागावर काळपट थर होता, मला वाटलं धूळ आणि धूर असेल, म्हणून कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून, घट्ट पिळून, एका पानाच्या टोकावरून हलकेच फिरवला. फक्त दोनदा. बोळा उलटा केला तर त्यावर आधी काळं, मग चमकतं काहीतरी, आणि मग लाल. गेरूसारखं लाल. पानाकडे बघितलं तर टोकावर बोटाच्या पेराएवढी जागा लाल होऊन बसली होती आणि लालच्या कडेला पांढरं दिसत होतं. मला आधी कळेचना काय झालं. मी धूळ पुसत नव्हते, मी सोन्याचा वर्ख पुसत होते.

हे का होतं ते नंतर समजलं, आणि ज्यांच्याकडे असं जुनं सोनेरी लाकूड आहे त्यांनी हे वाचाच. अशा लाकडावर सोनं थेट लावत नाहीत. आधी सरस, म्हणजे कातड्या-हाडांपासून केलेला डिंकासारखा पदार्थ, त्यात खडूची किंवा जिप्समची पूड कालवून त्याचे पातळ थर एकावर एक चढवतात, आठ-दहा सुद्धा. ते घासून हस्तिदंतासारखं गुळगुळीत करतात. त्यावर लाल माती, तीसुद्धा सरसात कालवलेली, बोल म्हणतात तिला. मग त्यावर पाणी लावून वर्ख ठेवतात, पाण्यानं खालचा सरस जागा होतो आणि वर्ख धरून ठेवतो, आणि थोडं वाळलं की अकीकाच्या दगडानं घोटून चकाकी आणतात. म्हणजे वरपासून खालपर्यंत सगळं पाण्यात विरघळणाऱ्या सरसावर उभं असतं. शेकडो वर्षं टिकतं पण ओल्या फडक्यासमोर दोन मिनिटं टिकत नाही! तेलावर लावलेला वर्ख पाण्यापुढे जरा जास्त टिकतो, पण कुठला वर्ख कसा लावलाय ते आपल्याला नुसतं बघून कळत नाही. म्हणून पाणी नाही, साबण नाही, लिक्विड क्लीनर तर नाहीच नाही. मऊ कोरडा ब्रश, आणि जिथे पापुद्रे उठलेत तिथे तोही नको.

त्या दिवशी मी ते काम थांबवलं आणि चार दिवस त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मधे एका लॅम्प दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेले होते तर तो म्हणाला एवढं काय त्यात, भोक जरा मोठं करून नवी वायर टाकतो, वरून सोनेरी स्प्रे मारतो, संध्याकाळी घेऊन जा, नव्यासारखा होईल. मी तसाच उचलून परत आणला. नव्यासारखा व्हायला मला नकोच होता.

मग शोधत शोधत लाकूड आणि वर्खाचं काम करणाऱ्या एका कॉन्झर्व्हेटर, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणाऱ्या, बाईंपर्यंत पोचले. त्यांनी पहिल्या दिवशी तासभर फक्त बघितलं. डोळ्याला भिंग लावून, टॉर्च अगदी आडवा धरून, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून सरपटत जातो आणि प्रत्येक उठलेला पापुद्रा त्याची सावली पाडतो. त्यांनी मला भिंगातून दाखवलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी जे सोनं समजत होते ते सगळं सोनं नव्हतंच. देवदूताच्या चेहऱ्यावर आणि पानांच्या कडांवर खरं सोनं, पण खोल भागात चांदीचा वर्ख आणि त्यावर पिवळसर वॉर्निश, इटलीत याला मेक्का म्हणतात, लांबून हुबेहूब सोनं दिसतं आणि खर्च कमी. ज्या जागा मला काळपट वाटल्या त्या धुरानं नाही तर वॉर्निश उडून खालची चांदी काळी पडल्यामुळे तशा होत्या. आणि बैठकीवर तिसरंच काहीतरी, ब्रॉंझ पावडरचा रंग, कुणीतरी नंतर थापलेला, तो हिरवट-तपकिरी झाला होता. लाकूड पॉप्लर, म्हणजे मऊ, हलकं. या सगळ्यावरून त्यांचा अंदाज इटालियन, साधारण अठराव्या शतकातलं, पण कागदावर लिहून देणार नाही असंही त्या म्हणाल्या आणि मला ते आवडलं.

पानाच्या खालच्या बाजूला, जिथे कुणाचाच हात पोचला नव्हता, तिथे मेणाचा एक थेंब चिकटलेला होता. पिवळा नाही, मधासारखा गडद. त्यांनी लाकडी काडीच्या टोकानं कणभर काढून माझ्या बोटांवर दिला, चोळून गरम झाल्यावर अगदी पुसट मधाचा वास आला. चर्चच्या मेणबत्त्या मधमाशीच्या मेणाच्याच असायच्या. लॅम्प होण्याआधी कधीतरी, कुठल्यातरी सकाळी, तो थेंब ओघळून तिथे अडकला होता. मी त्यांना लगेच सांगितलं की तो थेंब काढायचा नाही.

किडीचं काय ते आधी बघायला लागलं. लाकडाला दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं होती, पण भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत असतेच असं नाही, ती भुंगा बाहेर पडून गेल्याची खूण. अळी मात्र आत तीन-चार वर्षं सुद्धा पोखरत राहते आणि बाहेर काही कळत नाही. बाईंनी साधी युक्ती सांगितली, पायांखाली काळा कागद ठेव आणि हलवू नकोस. नऊ दिवसांनी कागदावर फिकट पिठासारखी एक छोटी ढिगुली. म्हणजे जिवंत होती. औषध मारायला त्यांनी नको सांगितलं कारण द्रव आत गेला की सरसाच्या थरांचं काही खरं नाही, आणि डीप फ्रीझरचा उपाय साध्या लाकडाला चालतो पण सोनेरी लाकडात थर तडकायची भीती. म्हणून मग ऑक्सिजन काढून घ्यायचा. हवा न जाणाऱ्या खास फिल्मच्या पिशवीत स्टँड, बरोबर लोखंडाच्या पुडीची पाकिटं जी ऑक्सिजन शोषून घेतात, आणि एक गोळी जी ऑक्सिजन संपला की गुलाबी दिसते आणि असला की निळी. पिशवी सील केली आणि चार आठवडे ठेवली. मधे एकदा गोळी निळसर झाली, सीलला बारीक चीर होती, ते पुन्हा सील करून चार आठवडे पहिल्यापासून मोजले. अंडी, अळी, भुंगा सगळं यात मरतं आणि वस्तूला काही लागत नाही, फक्त वेळ लागतो.

पिशवीचे ते दोन महिने मी बाकीच्या दोन गोष्टींसाठी वापरले आणि त्या वायरिंगपेक्षा महत्त्वाच्या होत्या असं मला आजही वाटतं.

एक म्हणजे ही वस्तू चोरीची तर नाही ना. चर्चमधून मेणबत्तीचे स्टँड, देवदूत, वेदीचे तुकडे चोरीला जाणं हे इटलीत जुनं दुखणं आहे, तिथल्या काराबिनेरी पोलिसांनी 1969 मध्येच फक्त कलावस्तूंसाठी वेगळी तुकडी काढली ती उगाच नाही. इंटरपोलचं आयडी-आर्ट नावाचं ॲप आहे, 2021 मध्ये आलं, फुकट, फोटो काढून त्यांच्या चोरीच्या वस्तूंच्या यादीशी ताडता येतो, यादीत 50 हजारांहून जास्त वस्तू आहेत. मी पुढून, मागून, देवदूताच्या चेहऱ्याचा, असे सगळे फोटो टाकून बघितले, काही जुळलं नाही. यानं शंभर टक्के सिद्ध काही होत नाही, पण न बघता तो घरात ठेवणं मला जमलं नसतं. चोरी सोडून सुद्धा अशा वस्तू चर्चबाहेर यायला कारणं खूप झाली, नेपोलियनच्या काळात मठ बंद झाले, मग 1866 मध्ये इटलीच्या सरकारनं कायदा करून धार्मिक संघ बरखास्त केले आणि त्यांची मालमत्ता घेतली, आणि नंतर 1962 ते 65 च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेची पद्धत बदलली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा करायला लागले, भिंतीला लागून असलेल्या मोठ्या वेदींचा वापर कमी झाला आणि त्यांच्यावरचं कितीतरी सामान अडगळीत किंवा बाजारात गेलं.

दुसरी गोष्ट, दिवा करावा का. मैत्रीण कॅथलिक आहे, मी नाही, त्यामुळे हे मी एकटीनं ठरवणं मला बरोबर वाटेना. तिला विचारलं तर ती म्हणाली इतकी वर्षं सासूबाईंच्या उशाशी लॅम्पच होता गं. तरी आम्ही दोघी तिच्या फादरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चर्चच्या कायद्यात, 1983 च्या संहितेतल्या 1171 क्रमांकाच्या कलमात, असं आहे की आशीर्वाद देऊन उपासनेसाठी वाहिलेली वस्तू खासगी मालकीची असली तरी आदरानं वागवायची आणि ऐहिक किंवा अयोग्य कामाला वापरायची नाही. मला वाटलं झालं, संपलं. पण ते म्हणाले की हा स्टँड आशीर्वादित होता की नाही आता कुणी सांगू शकत नाही, आणि पवित्र पात्र किंवा संतांचे अवशेष ठेवायची पेटी असती तर मी तुम्हाला ती परत द्यायला सांगितलं असतं, पण याचं काम उजेड धरणं होतं, तेच तुम्ही त्याला परत देताय, फक्त शोभेचा तुकडा करू नका आणि अजून कापू नका. अजून कापू नका हे त्यांनी दोनदा सांगितलं. त्या दिवशी माझं ठरलं की यापुढे लाकडात एकही नवं भोक पडणार नाही आणि मी जे काही लावीन ते सगळं उद्या कुणाला पाच मिनिटांत काढून टाकता आलं पाहिजे.

पिशवीतून काढल्यावर बाईंनी पापुद्रे बसवले. स्टर्जन माशाच्या सरसाचं पातळ कोमट पाणी, अगदी बारीक ब्रशनं पापुद्र्याच्या कडेला टेकवायचं, ते आपोआप आत ओढलं जातं, मग वरून जपानी टिश्यू, म्हणजे अगदी पातळ कागद, आणि जेमतेम गरम केलेला छोटा चपटा उलथन्यासारखा स्पॅट्युला, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं. सहा दिवस गेले त्यात. ब्रॉंझ रंग त्यांनी फक्त एका पंजावरून काढून बघितला, खाली सोनं फारसं उरलेलंच नव्हतं, म्हणून बाकी तसाच ठेवला. मी केलेली लाल जागा त्यांनी पुन्हा वर्ख लावून झाकायची तयारी दाखवली होती. मी नको म्हटलं. तिथे सोनं होतं ते गेलं, नवं लावलं तर ते माझी चूक लपवायला लावलेलं असेल.

मग वायरिंग, जे मला सगळ्यात अवघड वाटत होतं आणि सगळ्यात सोपं निघालं. घरातली मुख्य वीज या लाकडात आणायचीच नाही असं ठरवलं. भिंतीच्या प्लगलाच 12 व्होल्टचा चांगल्या कंपनीचा ॲडॅप्टर, आणि तिथून पुढे फक्त 12 व्होल्टची बारीक दोन तारांची वायर. एलईडी बल्ब अडीच वॉटचा, म्हणजे करंट जेमतेम पाव ॲम्पिअरच्या आत, वायर तापायचा प्रश्न नाही, पत्र्याच्या थाळीला हात लागला तरी शॉकचा प्रश्न नाही. वायर जुन्याच भोकातून नेली, पण सरळ लाकडाला घासू नये म्हणून आधी आत एक मऊ नळी सरकवली. वरती एका सुतारानं लेथवर बुचासारखी लाकडाची कॉलर कातून दिली, ती भोकात नुसती बसते, डिंक नाही, स्क्रू नाही, तिच्यावर ई-14 मापाचं छोटं होल्डर. थाळी सुलटी करून तिच्या मूळ जागी. बैठकीच्या खाली दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली, 12 व्होल्टचाच बल्ब लावावा, आणि हे सगळं वर ओढलं की निघतं. माझ्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याला कळायला हवं. ही जोडणी सुद्धा मी इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घेतली, व्होल्टेज कमी असलं तरी सैल जोड गरम होतोच.

उजेडाचा रंग ठरवायला मात्र तीन आठवडे गेले. तो केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. आधी 4000 केल्विनचा पांढरा बल्ब लावला तर देवदूत आजारी दिसायला लागला, सोनं राखाडी आणि ब्रॉंझचा रंग एकदम हिरवा. 2700 चांगला होता. 2200 लावला आणि मी खोलीतला दुसरा दिवा बंद केला. मेणबत्तीची ज्योत साधारण 1900 केल्विनची असते, म्हणजे त्याच्या अगदी जवळ. त्या उजेडात खोलातली मेक्का आणि कडांवरचं सोनं वेगवेगळे दिसतात, सोनं पुढे येतं, चांदी मागे जाते, पानं उठून येतात. भर दिवसा ही नक्षी मला थोडी भडक वाटायची. ती दिवसाउजेडी बघायला केलेलीच नव्हती, अंधाऱ्या चर्चमध्ये खालून-वरून हलणाऱ्या ज्योतींसाठी केलेली होती, हे मला तेव्हा पटलं. बल्ब घेताना फक्त केल्विन बघू नका, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, 90 च्या वर आहे का तेही बघा, नाहीतर लाल आणि सोनेरी दोन्ही मरगळतात. उजेड किती हवा याचा हिशोब मी असा केला की एक मेणबत्ती साधारण 12 ल्युमेन (हे एकूण उजेडाचं माप), माझा बल्ब 200 ल्युमेन, म्हणजे सोळा मेणबत्त्या एका जागी. तेवढं पुष्कळ झालं, वाचायला वेगळा दिवा आहे.

शेड नाहीच लावली. दोन-तीन लावून बघितल्या, कुठलीही लावली की नजर शेडवर जाते आणि खालचा खांब नुसता दांडा होतो. दुधी काचेचा लांबट बल्ब आहे, डोळ्याला टोचत नाही. खाली तीनच पाय असल्यामुळे आणि वजन हलकं असल्यामुळे धक्का लागला तर पडेल ही भीती होती, म्हणून तो खोलीच्या कोपऱ्यात जड लाकडी पेटीवर, पंजांखाली फेल्ट लावून ठेवलाय, खिडकीपासून लांब, कारण ऊन आणि हवेतला दमटपणा वरखाली झाला की लाकूड आकसतं-फुगतं आणि वरचा खडूसरसाचा थर मात्र तेवढा हलत नाही, मग तो सुटतो. पाठ भिंतीकडे. जशी होती तशी.

मैत्रीण परवा आली होती. अंधार पडल्यावर लावून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग जवळ जाऊन पानाखालचा तो मेणाचा थेंब शोधला आणि म्हणाली, सासूबाईंना हा माहीतच नव्हता.

पंजांखाली काळा कागद परत ठेवलाय. भुंगे बाहेर पडायचा काळ वसंत ते उन्हाळा, तेवढे महिने दर आठवड्याला कागद उचलून बघणार आहे. आतापर्यंत कोरा आहे.